उजवं, डावं आणि मी

सहलीला जाताना माणसाने स्वेटर, कानटोपी, सुकामेवा काय हवं ते न्यावं, ज्ञान तेवढं नेऊ नये. चढावर ते फार जड होतं. मी मात्र आदि कैलासच्या सहलीला निघालो तो काली नदीचा अख्खा भूगोल पाठ करून, आणि जौलजीबीला गोरी गंगा कालीला मिळते तिथून बस नदीकाठाने वर चढू लागली तेव्हा मला राहवेना. उठलो. "मंडळी, १८१६च्या सुगौली तहाने ही नदी नेपाळची पश्चिम सीमा ठरली! खाली पंचेश्वरला तिला सरयू मिळते, टनकपूरला ती मैदानात उतरते आणि पुढे शारदा होऊन घाघरेत जाते. उजवा किनारा आपला, डावा नेपाळचा!"

"काका, पण नेपाळ तर उजवीकडे दिसतोय," एक कॉलेजकन्या म्हणाली.

आता किनारा ओळखायचा तो नदी वाहते त्या दिशेला तोंड करून, आणि आपण चाललोय उलटे, उगमाकडे, एवढं साधं शास्त्र समजावायला मी ड्रायव्हरकडे पाठ केली, उजवा हात ऐटीत लांबवला, आणि तेवढ्यात वळण आलं, त्यामागोमाग दुसरं आलं, आणि मी, माझा मफलर आणि सुगौलीचा तह असे तिघेही शेजारच्या वहिनींच्या चिवड्याच्या डब्यात गेलो.

"हा कुठला किनारा?" हिने मागून विचारलं.

धारचूलाला झुलता पूल ओलांडला की नेपाळचं दार्चुला. व्हिसाबिसा काही नाही. "पाचला पुलावर या," असं बजावून ही दुकानात शिरली. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे, हे मला पाठ होतं. म्हणून मोबाइल बघून मनगटावरचं घड्याळ मी हुशारीने पंधरा मिनिटं पुढे केलं. मोबाइलने मात्र पलीकडचा टॉवर पकडून, मला न विचारता, ते काम आधीच उरकलं होतं. मी दोन्ही देशांच्या पुढे गेलो. धापा टाकत पूल गाठला, हलत्या पुलावर कठड्याला धरून हिच्या बेशिस्तीवर मनातल्या मनात एक भाषण रचलं, ते दोनदा सुधारलं, आणि ही पिशव्या घेऊन अगदी वेळेवर आली.

पुढे गुंजीमार्गे कालापानी. उंची सुमारे ३६०० मीटर, माझा श्वास त्याच्या निम्म्यावर कुठेतरी राहिलेला. तिथल्या कालीमंदिरापाशी नदीचा उगम, असं आपण मानतो. नेपाळ म्हणतो, लिंपियाधुराकडून येऊन गुंजीला मिळणारी कुटी यांक्ती हीच खरी काली. तहात नदीचं नाव आहे, पण तिचा नेमका प्रवाह कोणता, हे लिहिलेलं नाही. मी घसा खाकरला. "मंडळी, खरा उगम…"

"बसा खाली," ही म्हणाली. "दोन सरकारांना सुटलं नाही ते चिवड्यात पडलेल्या माणसाने सोडवू नये."

मी बसलो. पटलं म्हणून नव्हे, दम लागला म्हणून.