सीरमकाका

आमच्या इमारतीत सकाळी जिन्यात कुणी भेटलं की लोक विचारतात, "चहा झाला का?" सीरमकाका विचारतात, "सीरम झालं का?"

बँकेत तेहतीस वर्षं लेजर तपासलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही तपासायला काहीतरी लागतंच. नातीनं वाढदिवसाला व्हिटॅमिन सीची बाटली दिली आणि काकांना नवं खातं मिळालं. बाटली गडद काचेची. तिच्यावर उघडल्याची तारीख आणि खाली काकांची सही. मुक्काम फ्रिजच्या दारात, आलं-लसणाच्या वाटणाशेजारी; कारण उजेड, हवा आणि उष्णता हे या सीरमचे तीन वैरी.

रोज सकाळी तोंड धुऊन, कोरडं करून, मोजून चार थेंब. मग मॉइश्चरायझर, वर सनस्क्रीन. "सीरममध्ये सी दहा ते वीस टक्के पुरे," काका सांगतात, "वीसच्या वर व्याज मिळत नाही, नुसती आग होते!"

तळमजल्यावरच्या वहिनी चेहऱ्याला लिंबू चोळतात हे कळताच काकांनी त्यांना गेटवर गाठलं. "वहिनी, लिंबू वरणावर पिळा! रसाचा पीएच दोनच्या आसपास. तो लावून उन्हात गेलात तर फोड येतील, डाग पडतील." तिथून काका १७४७ साली खलाशांना संत्री-लिंबं खाऊ घालणाऱ्या जेम्स लिंडकडे वळले. व्हिटॅमिन सी वेगळं काढणाऱ्या सेंट-ग्यॉर्गींच्या १९३७च्या नोबेलपर्यंत ते पोचले, तोवर वहिनींची रिक्षा निघून गेली होती.

मे महिन्यात दोन दिवस वीज नव्हती. सीरम कोऱ्या चहासारखं दिसू लागलं.

"काका, रंग बदलला की काय समजायचं?"

"ऑक्सिडेशन. गुण संपला. टाकून द्यायचं." आवाजात ऑडिटरचा करारीपणा.

"मग टाका."

काकांनी बाटली उजेडात धरली. बराच वेळ बोलले नाहीत. "अहो, साडेसहाशेची आहे. निम्मी शिल्लक आहे. बुडीत खात्यातूनही थोडीफार वसुली होतेच की!"

तेव्हापासून चाराऐवजी आठ थेंब चालू आहेत. काकांचा चेहरा उजळला की नाही, याबद्दल इमारतीत दोन मतं आहेत. वामकुक्षीच्या उशीचा पांढरा अभ्रा पिवळा पडला, याबद्दल मात्र काकूंसकट सर्वांचं एकमत आहे.