वीसपैकी अठरा, सरसकट

दहावीच्या निकालाचे तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. २०१८ : ८९.४१ टक्के. २०१९ : ७७.१० टक्के. २०२० : ९५.३० टक्के. एवढ्यात मुलं बदलली नाहीत, शाळाही त्याच होत्या. २०१९च्या परीक्षेला राज्य मंडळानं भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले होते. निकाल कोसळला, ओरड झाली आणि ते गुण परत आले. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, म्हणून सगळी घसरण या विसांच्या माथी मारता येणार नाही. पण अभ्यासक्रम तोच असताना पुढच्याच वर्षी निकाल अठरा टक्क्यांनी वर गेला. २०२१ला कोरोनामुळे परीक्षाच झाली नाही, सगळे गुण शाळांनी दिले. निकाल ९९.९५ टक्के!

उत्तीर्ण व्हायला शंभरात ३५ लागतात. शाळेनं १८ दिले की लेखी ऐंशीपैकी १७ पुरतात.

ते १८ कसे मिळतात, हे शाळेत वावरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वर्गात साठ-सत्तर मुलं, तोंडी परीक्षेसाठी बाईंच्या हातात दोन तासिका. रोल नंबर पुकारला की मुलगी उठते, धड्यातल्या चार ओळी वाचते. ‘वही पूर्ण आहे ना? बस.’ तक्त्यात १८. पुढचा मुलगा तिसऱ्याच शब्दाला अडखळतो, बाई स्वतःच वाक्य पुरं करतात. त्यालाही १८. बाईंना मी दोष देत नाही. शाळेचा निकाल घसरला की जाब त्यांनाच विचारला जातो.

माझा राग आहे तो त्या अडखळणाऱ्या मुलाची फसवणूक होते म्हणून. त्याला नीट वाचता येत नाही, हे त्याच्या आईबापांना कळायची जागा तीच होती. तिथेच आपण अठराचा आकडा लिहून मोकळे झालो. आता अकरावीत पहिली चाचणी होईल तेव्हा ते कळेल, आणि तोवर घरच्यांनी त्याला सायन्सला घातलेलं असेल.

म्हणून तोंडी परीक्षा बंद करा, असं मी मुळीच म्हणणार नाही. लिहिताना गडबडणारी पण बोलायला उभी राहिली की वर्ग गप्प करणारी मुलं असतात. तीन तासांच्या पेपरात ती कधीच दिसत नाहीत. शिक्षकाला ती दिसतात. पण सगळ्यांनाच १८ दिल्यावर त्या मुलांचे १८ कोण मोजणार?

मंडळाकडे दोन्ही आकडे असतात. गुणपत्रिकेवर शंभरांची बेरीज छापण्याआधी लेखीचे ८० आणि शाळेचे २० वेगवेगळे दाखवा. ज्या शाळेत या दोहोंत दरवर्षी जमीन-अस्मानाचा फरक पडतो, तिथे तोंडीला बाहेरचा परीक्षक पाठवा. आणि त्या बाईंना दोन तासिकांऐवजी दोन आठवडे द्या.