तीनशे लिटरचा उन्हाळा

आमच्या नागपुरात मे महिन्यात कुणी कुणाला "बरे आहात ना?" विचारत नाही. "आज किती होतं?" एवढंच विचारतात. आपण ४५ म्हटलं की समोरचा "आमच्याकडे ४६" म्हणून एक अंश चढवून देतो. अशा गावात मी हॉलमध्ये चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच काचेची टाकी आणली, आणि २४ ते २८ अंशांपलीकडे ज्यांचं जमत नाही असे एंजल आणि टेट्रा तिच्यात सोडले. कूळ अ‍ॅमेझॉनचं, जन्म कुठल्यातरी हौदातला. ज्या घरात पंखा तीनवर ठेवायचा की चारवर यावर दोन माणसांचं एकमत होत नाही, तिथे हे धाडस करायला नको होतं.

वाळू-दगड आणि वरची रिकामी जागा सोडली तर टाकीत ३०० लिटर पाणी मावतं. एवढं पाणी लवकर तापत नाही, आणि एकदा तापलं की लवकर निवतही नाही. भर दुपारी बाहेर वणवा असतो, तेव्हा ही थंड डोक्याने उभी. रात्री दहाला शेजारी गच्चीवर अंथरुणं टाकायला निघतात, तेव्हा हिचा पारा माथ्यावर. दुपारचा राग रात्री काढणारी माणसं माझ्या पाहण्यात आहेत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

पारा म्हणजे नेमका कुठला, हाही प्रश्नच होता. काचेवर बाहेरून चिकटवलेली पट्टी ३२ म्हणायची, आत लटकवलेलं थर्मामीटर ३०. खरं-खोटं करायला मी तिसरं आणलं. ते ३१ म्हणालं.

पण माशांचं म्हणणं स्पष्ट होतं. ते वर येऊन पाण्याला तोंड लावून उघडझाप करत होते. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशाला साडेसात. त्यात माशाचं रक्त पाण्यासारखंच तापतं, त्याची भट्टी जोरात चालू लागते, म्हणजे हवा जास्त हवी नेमकी तेव्हाच ती कमी. हवेचा पंप मी त्याच रात्री वाढवला.

मग बर्फ. लिटरभराच्या बाटल्यांत पाणी गोठवून, झाकणं घट्ट लावून त्या टाकीत तरंगत सोडायच्या. फ्रीजरमधून आइस्क्रीम हद्दपार झालं. "माशांना शिमला आणि आम्हाला चंद्रपूर," बायको म्हणाली. एवढं करून एक बाटली टाकीला अंशाचा जेमतेम तिसरा हिस्सा उतरवायची.

उपाय निघाला तो टेबलफॅनचा. वरचं झाकण काढायचं, जाळी घालायची (एंजल उडी मारत नाहीत असं दुकानदार सांगतो, आमच्या एंजलला ते कुणी सांगितलं नव्हतं), आणि पाण्याच्या पाठीवरून वारा सोडायचा. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं, म्हणजे ३०० लिटरमागे जवळजवळ दोन अंश. पाच बाटल्या बर्फाचं काम एक लिटर पाणी नुसतं निघून जाऊन करतं! ओट्यावरचा माठ हेच करत उभा होता, आणि मी त्यातलं गार पाणी पीत बर्फाचे हिशेब मांडत होतो. नागपूरची कोरडी हवा इथे कामी येते. मुंबईत घामच वाळत नाही, तिथे टाकीचा पंखा काय करणार? आमच्याकडेही जूनमध्ये पहिला पाऊस पडला की पंखा नुसता फिरतो.

उडालेलं पाणी भरून काढावं लागतं, आणि मेमध्ये छतावरच्या टाकीतून नळाला येतं ते आंघोळीचं पाणी. म्हणून रात्रभर मोरीत झाकून ठेवलेली बादली. तिला घरात कुणी हात लावायचा नाही. पाहुण्याने एकदा तिच्यात पाय धुतले. तो विषय अजून निघतो.

हिवाळ्याचं थोडक्यात सांगतो. ३०० वॅटचा हीटर आहे, आणि पाणी बदलताना आधी त्याचा प्लग काढायचा असतो. मी काढला नव्हता. पाणी खाली गेलं, तापलेली काच उघडी पडली, वरून मी ताजं पाणी ओतलं आणि 'टक्' असा अगदी बारीक आवाज आला. मासे वाचले, हीटर गेला.

गेल्या मेमध्ये बायको पुण्याला बहिणीकडे गेली. रात्री दहाला फोन. माझ्या जेवणाची चौकशी नाही, काही नाही.

"किती आहे आता?"

"एकतीस होता. आता एकोणतीसवर आलाय."

"पंखा लावलाय ना? आणि रात्री एकदा उठून बघा."

मागून मेव्हणीचा आवाज आला, "अगं, ताप कुणाला आलाय?"

बायको जरा थांबली. मग म्हणाली, "घरीच सगळ्यांना."