तीन शिट्ट्या

हे : सोनीचा ७५०६, ऑडिओ-टेक्निकाचा एम-५०एक्स, सेनहायझरचा एचडी २८० आणि बायरडायनॅमिकचा डीटी ७७०. यांतून कराओकेसाठी एक हेडफोन ठरवायचाय.

ही : लेकीची स्थळंसुद्धा एवढी पारखली नव्हतीत. कुकर लावलात का?

हे : लावला. तीन शिट्ट्या झाल्या की बंद करतो. हे बघ, सगळे वीस हजारांच्या आतले. स्टुडिओच्या हिशेबात स्वस्त.

ही : आणि आपल्या हॉलच्या हिशेबात?

हे : अगं, क्लोज्ड-बॅकच लागतो. ओपन-बॅकला मागे जाळी असते. कराओकेचा ट्रॅक तिच्यातून बाहेर झिरपतो आणि माइकमध्ये शिरतो. मग माझ्या गाण्यामागे दुसरं बारीक गाणं ऐकू येतं.

ही : म्हणजे ते उघडं पातेलं आणि हा कुकर.

हे : काहीतरीच तुझं!

ही : झाकण लावायचं, वाफ आत ठेवायची. कुकर नाही तर काय?

हे : बंद असल्यामुळे मागचा आवाज कपात आपटून परत येतो, स्वस्तातल्यात खर्ज जरा घुमतो, एवढाच तोटा.

ही : कुकरच! कोंडल्याचा वास लागणारच.

हे : हा एम-५०एक्स बघ. १५ ते २८,००० हर्ट्झ.

ही : माणसाला किती ऐकू येतं?

हे : वीस हजारांपर्यंत. साठीनंतर बरंच कमी.

ही : मग वरचे आठ हजार मांजरीसाठी. तिला विचारून घ्या.

हे : डीटी ७७० मात्र जपून घ्यावा लागतो. २५० ओहमचा मोबाइलला नुसता लावला तर आवाज दबका येतो.

ही : अर्ध्या हॉर्सपॉवरच्या मोटरने चौथ्या मजल्यावर पाणी चढवायचं.

हे : अगदी! म्हणून ३२ किंवा ८० ओहमचा बघावा.

ही : आधी चष्मा लावून घालून बघा. शब्द वाचायला चष्मा लागतोच ना?

हे : तीच पंचाईत आहे. चष्म्याच्या काडीमुळे कानाची गादी उचलली जाते, फट पडते आणि खर्ज गळतो.

ही : रिंग नीट बसली नाही की शिट्टी होत नाही, हे मला तीस वर्षं माहितीये. कोणाच्या गाद्या सुट्या मिळतात?

हे : सगळ्यांच्याच मिळतात. पण सोनीचं १९९१ पासूनचं मॉडेल, अजून विकलं जातंय.

ही : मग त्याला दोन मार्क जास्त. तुमच्या आधीच्या हेडफोनचे काळे पापुद्रे मी सहा महिने अभ्र्यावरून झटकले. तिळाची चटणी सांडल्यासारखे.

हे : पण एचडी २८० बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत अडवतो, असं कंपनी सांगते.

ही : शिट्टी ऐकू येईल?

हे : चिरका आवाज आधी अडतो. खालची घरघर येते थोडी आत.

ही : म्हणजे वरच्यांची मोटर ऐकू येणार आणि मी नाही. छान. आणि तो डोक्याला आवळत असेल, तर घालून तासभर मटार सोला. कान तापले की दुकानात परत. दुकानात दोन मिनिटं सगळेच मऊ लागतात.

हे : तू चेष्टा कर. पण हे हेडफोन गाणं सजवत नाहीत. आवाज जसा असेल तसा ऐकवतात.

ही : तुमचा आवाज?

हे : हो.

ही : जसा आहे तसा?

हे : हो!

ही : मग पैसे वाचवा.

हे : यात हसण्यासारखं काय आहे? रिटायर झाल्यावर माणसाने एक हौस केली, तर लगेच...

ही : हौस करा की. पण पंधरा दिवस झाले, ओहम आणि हर्ट्झ चाललंय. माझ्या डाव्या कानात दिवाळीपासून गुंऽऽ वाजतंय. त्याचे किती हर्ट्झ, ते विचारलंत कधी?

हे : तू बोलली नाहीस.

ही : तीनदा बोलले. तेव्हा तर तुमच्या कानांवर हेडफोनही नव्हता.

हे : ...उद्या जाऊ डॉक्टरकडे.

ही : उद्या शनिवार. कानाचे डॉक्टर शनिवारी बसत नाहीत.

हे : मग सोमवारी. नक्की.

ही : शिट्ट्या किती झाल्या?

हे : एकही नाही. मी कान देऊन बसलोय.

ही : कधी लावलात?

हे : तू भाजी घेऊन आलीस त्याच्या आधी. पाऊण तास झाला असेल.

ही : (स्वयंपाकघरातून) अहो, रिंग इथे ओट्यावरच आहे.