कर हवाच, पण त्याच्यावर!

१ फेब्रुवारीला अर्थसंकल्प एकच मंत्री मांडतो. तो दुरुस्त करायला मात्र अख्खा देश चहाच्या कट्ट्यावर बसतो. पगारदार म्हणतो, शेतीच्या उत्पन्नावर कर लावा. शेतकरी म्हणतो, आधी खतावरचा जीएसटी काढा, मग बोलू. व्यापाऱ्याच्या मते प्राप्तिकरच रद्द करावा, म्हणजे ‘पक्कं बिल हवं की कच्चं?’ हा अवघड प्रश्न कायमचा मिटेल. निवृत्त काकांकडे तर तयार आराखडा आहे: ‘अर्थक्रांती’च्या अनिल बोकिलांनी सुचवल्याप्रमाणे आयात शुल्क सोडून सगळे कर हटवा आणि बँकेच्या व्यवहारावर एकच कर बसवा. ज्येष्ठांच्या ठेवी तेवढ्या वगळा! सरकारने २००५ मध्ये बँकेतून मोठी रोकड काढण्यावर हजारी एक रुपया कर लावून पाहिला आणि २००९ मध्ये तो गुंडाळला, हे सांगितलं की काका म्हणतात, “अंमलबजावणी चुकली.”

या मंडळींना हसू मात्र नये. डिसेंबर २०२४ मध्ये खुद्द जीएसटी परिषदेने खुलासा केला होता की सुट्या खारट पॉपकॉर्नवर ५ टक्के, पाकीटबंद असेल तर १२ आणि कॅरमेलचं असेल तर १८ टक्के जीएसटी. एवढी कल्पनाशक्ती कट्ट्यावरच्या कुणाकडे आहे?

शिवाय कट्ट्यावरच्या सूचना वरवर वेगळ्या दिसल्या तरी त्यांत एका कलमावर पूर्ण एकमत असतं: कर भरायचा तो त्याने, जो आज चहाला आलेला नाही.