दुनळीचे डोहाळे

सुरतेच्या हिरेवाल्याला पैलूंची नजर. त्यामुळे लंडनच्या पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंडच्या जुन्या दुनळीवरची नक्षीही तो भिंगातूनच न्याहाळतो आणि सुस्कारा टाकतो. घेऊन करणार काय, हे विचारायचं नाही. हौसेची शिकार १९७२च्या वन्यजीव कायद्यानं संपवली. २०१९च्या दुरुस्तीनं शस्त्रं फार तर दोन, आजोबांकडून आलेली धरूनच. निवडणूक लागली की बहुधा तीही पोलीस ठाण्यात जमा. म्हणजे राजेरजवाड्यांच्या वाघांसाठी घडलेली ही राणीसाहेब इथं फक्त ठाण्याची वारी करणार! तरी शहराच्या रीतीला धरूनच आहे सगळं. १६६४ साली शिवाजी महाराज आले, तेव्हा मुघल अंमलदार इनायतखान तोफांसकट किल्ल्यात दडून बसला होता.