पश्चिमेकडे पाठ

दिल्लीला बदली झालेल्या मराठी माणसाला सगळे थंडीची भीती घालतात. वाऱ्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, कारण आपल्याकडे वारा हा शिस्तीचा प्राणी आहे. जूनमध्ये पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, कोकणाला झोडपतो, घाट चढताना दमतो आणि पुण्याला पोचेपर्यंत सभ्य होतो. नैर्ऋत्येकडे पाठ करून तंबू उभारला की सह्याद्रीतल्या ट्रेकरचं निम्मं काम झालं. दिल्लीत हा हिशेब चालत नाही. इथला मोसमी पाऊस बंगालच्या उपसागराकडून वळसा घेत जूनच्या अखेरीला बहुधा पूर्वेकडून येतो. मे महिन्यातली आंधी पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येते. आणि ऐन जानेवारीत, लग्नाच्या मांडवात पंगत बसलेली असताना पडणारा पाऊस भूमध्य समुद्राकडून निघून इराण, अफगाणिस्तान ओलांडत आलेला असतो. इतक्या लांबून आलेल्या पाहुण्याला ‘आज नको, उद्या ये’ असं म्हणता येत नाही.

तरीही गुरुग्राम-नोएडातली मंडळी शनिवारी गाडीत तंबू टाकून अरवलीकडे निघतात, सोहना-दमदम्याच्या बाजूला. हौस दांडगी, तंबू ऑनलाइन मागवलेला, चार ओळींच्या सूचनापत्रकात सगळं सोपं. अडचण असते ती अरवलीची. हा भारतातल्या अतिप्राचीन डोंगरांपैकी एक, आणि दिल्लीच्या आसपास त्याचा खडक क्वार्ट्झाइटचा. सूचनापत्रकातली मेख त्यावर ठोकली की ती वाकून नमस्कार करते. खाली यमुनेकाठच्या वाळूत तीच मेख लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि तितक्याच सहज बाहेर येते. माती मिळाली तर मेख तिरपी ठोकायची, डोकं तंबूपासून दूर झुकलेलं. खडकावर मेखेचा नाद सोडायचा. दोर लहान दगडाला बांधायचा आणि त्याच्या पुढ्यात, तंबूच्या बाजूला, दोरावरच मोठा दगड ठेवायचा. वाळूत पिशवी भरून तीच दोराला बांधून आडवी पुरायची. थोडक्यात, जमीन काय म्हणते ते आधी ऐकायचं. दिल्लीत ऐकून घेण्याची सवय कमी असल्यामुळे हा भाग कठीण जातो.

दोरांचं शास्त्र मात्र मी डोंगरात नाही, लग्नाच्या मांडवात शिकलो. आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर हिवाळाभर शामियाने उभे राहतात. एका संध्याकाळी टेंट हाउसचा म्हातारा कारागीर कनातींचे दोर सैल करत फिरत होता. वारा सुटण्याची चिन्हं होती आणि हा गृहस्थ सैल करतोय! मी मराठी बाण्याने हटकलं. त्याने वरसुद्धा न पाहता सांगितलं, “रात को ओस पड़ेगी जी.” त्याचं बरोबर होतं. सुताचा किंवा तागाचा दोर भिजला की धागे फुगतात, दोर आखडतो आणि घट्ट ताणलेला असेल तर मेखच उपटतो. म्हणून संध्याकाळी सैल, सकाळी उन्हात पुन्हा घट्ट. नायलॉनचं नेमकं उलट. तो भिजला की लांबतो, कापड लोंबायला लागतं आणि त्यात पाणी साठतं. म्हणून पावसात त्याला पुन्हा ताणावं लागतं. दोन्हीकडे मुद्दा एकच. दोर एकदा बांधला की काम संपलं, असं तंबूत नसतं. गाठीपेक्षा रात्री दोनदा उठून तिच्यावरून फिरणारा हात महत्त्वाचा.

मोगलांनी हा हात पगारावर ठेवला होता. डिसेंबर 1664 मध्ये औरंगजेब दिल्लीहून लाहोर, काश्मीरकडे निघाला, तेव्हा फ्रेंच वैद्य बर्निए बरोबर होता. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत, त्याने लिहून ठेवलंय. एकात बादशहा झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामावर उभा राहत असे. हा पेशखाना वाहायला साठावर हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरं आणि शंभर हमाल लागत. एवढा लवाजमा असला की हवामानाची चिंता नोकरांनी करायची. बाजीरावांचा उपाय वेगळा होता. मार्च 1737 मध्ये ते अचानक दिल्लीच्या वेशीवर आले, तालकटोऱ्याच्या परिसरात चकमक झाली, आणि दिल्लीकर सावरेपर्यंत निघूनही गेले. मे महिन्याच्या आंधीपासून तंबू वाचवायची सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे एप्रिलमध्ये तिथे नसणं. त्याच तालकटोऱ्यात फेब्रुवारी 2025 मध्ये मराठी साहित्य संमेलन भरलं, तेही पक्क्या स्टेडियममध्ये. मेखा ठोकण्याचा प्रश्नच आला नाही. वादळं व्हायची तेवढी आतल्या आत झाली असतील.

आपल्याजवळ हत्ती नाहीत आणि बाजीरावांचा वेगही नाही. म्हणून आपण चेन लावून घेतो. थंडी वाजते म्हणून तंबूच्या सगळ्या झडपा बंद, आणि पहाटे आतून थेंब पडायला लागतात. ‘कापड गळकं निघालं’ असं म्हणत विक्रेत्याला तक्रार लिहायला घेणाऱ्यांनी जरा थांबावं. तो पाऊस स्वतःच्या श्वासाचा असतो. ऊबदार ओलसर हवा थंड नायलॉनला लागते आणि तिचं पाणी होतं. वरची झडप थोडी उघडी ठेवणं, एवढाच इलाज. आणि शेगडी आत घ्यायची नाही, कितीही हुडहुडी भरली तरी. बंद जागेत कोळशाचा विषारी वायू माणसाला झोपेतून उठूच देत नाही. दर हिवाळ्यात उत्तरेत अशा बातम्या येतात. इथे विनोद थांबतो.

उन्हाळ्यातली आंधी तर गाठीबिठी मानतच नाही. 30 मे 2022 च्या संध्याकाळी सफदरजंगला वाऱ्याने ताशी 100 किलोमीटरचा वेग गाठला, पारा चाळिसावरून पंचविसाच्या आसपास उतरला आणि जामा मशिदीच्या मधल्या घुमटावरचा कळस मोडून पडला. शहाजहानचं बांधकाम जिथे हटलं, तिथे सवलतीत घेतलेल्या तंबूने उभं राहण्याची जिद्द धरू नये. त्यापेक्षा हवामान खात्याचा तीन तासांचा अंदाज पाहावा. हे खातं आपल्याला परकं नाही. त्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, शिवाजीनगरात ‘सिमला ऑफिस’ हे नाव मागे ठेवून 1944 मध्ये दिल्लीला गेलं. म्हणजे तेही बदलीवरच आलेलं. विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ ॲपही पुण्याच्या संस्थेनेच बनवलं आहे. अंदाज वाईट असेल तर तंबू खाली घ्यायचा, वर दगड ठेवायचे आणि गाडीत जाऊन बसायचं. वीज कडाडत असताना कापडापेक्षा मोटारीचं पत्र्याचं छत बरं.

हा शेवटचा सल्ला मराठी माणसाला पटत नाही. उभारलेली वस्तू आपल्या हाताने पाडायची म्हणजे माघार, आणि तीही दिल्लीत! पण ज्या हंगामात औरंगजेबाचे ते दोन-दोन तंबू पुढे सरकत होते, त्यानंतर काही महिन्यांतच, जून 1665 मध्ये, शिवाजी महाराजांनी पुरंदरला तेवीस किल्ले मोगलांना देऊन टाकले आणि 1670 पासून ते परत घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या नावाने घोषणा देणाऱ्यांना दोन फायबरच्या काड्या तासाभरासाठी आडव्या करायला लाज वाटायचं कारण नाही. वादळ गेलं की परत उभ्या करायच्या. तेव्हा आंधी येते त्या पश्चिमेकडे तेवढी तंबूची पाठ करायला विसरू नये.